सोजराकाकूचा हेल

रत्नपाल माझा चुलतभाऊ. मुंबईत राहतो, टीव्हीच्या मालिकांना संगीत देतो आणि घाबरतो. यातलं घाबरणं त्याला सगळ्यात चांगलं जमतं.

गावी कुरुंद्यात लहान होतो तेव्हा हळदीची कढई फसफसली की हा माझ्या पाठीमागे लपायचा. त्याचे वडील मुंजाजीकाका हळद शिजवायला मजुरीने जायचे आणि संध्याकाळी गायन पार्टीत पेटी वाजवायचे. घरात कुणी नसलं की रत्नपाल त्या पेटीला हात लावायचा. पाऊल वाजलं की झाकण बंद! काकांना सगळं ठाऊक होतं. ते मुद्दाम दारात खाकरून मग आत यायचे, म्हणजे पोराला पळायला वेळ मिळावा.

पुढे वसमतच्या बँडमध्ये तो कीबोर्ड वाजवायला लागला आणि तिथून कसाबसा मुंबईला गेला. पंधरा वर्षं त्याने दुसऱ्याच्या नावाखाली मालिकांचं पार्श्वसंगीत केलं. सासू कट करायला लागली की ढमढम, सून रडायला लागली की बासरी. सकाळी एपिसोड हातात यायचा, संध्याकाळपर्यंत परत द्यायचा. फोन वाजला नाही तर काम गेलं म्हणून जीव वरखाली, आणि वाजला तर काय चुकलं म्हणून पुन्हा वरखाली. मी जिल्हा परिषदेचा मास्तर. मी त्याला म्हणायचो, "अरे, एवढं तर माझी पोरं परीक्षेलाही भीत न्हाईत."

गेल्या वर्षी त्याला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर एका मालिकेचं शीर्षकगीत मिळालं. लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीची मालिका. त्याच्या तीन चाली नापास झाल्या. उद्या चौथी आली नाही तर दुसरा माणूस बघू, असं निर्मात्याने तोंडावर सांगितलं. त्या दुपारी तो कीबोर्डवर बसला आणि दहा मिनिटांत चाल आली. ऑफिसात ऐकवली तर तिथल्या एका बाईने डोळे पुसले. मालिका चालली, गाणं त्याहून चाललं. कुरुंद्यात रत्नपालच्या फोटोचा बॅनर लागला. त्यातसुद्धा तो घाबरलेलाच दिसत होता.

आता खरं सांगतो. आमच्याकडे माणूस गेलं की बाया हेल काढून रडतात. गेलेल्याशी बोलतात, त्याला जाब विचारतात, नाव घेऊन हाका मारतात. प्रत्येकीचा हेल वेगळा. भिंतीपलीकडून ऐकलं तरी कोण रडतंय ते कळतं. तीन वर्षांपूर्वी मुंजाजीकाका अचानक गेले, तेव्हा रत्नपालची आई, सोजराकाकू, जो हेल काढून रडली, तीच ही चाल.

रत्नपाल त्या दिवशी पोहोचला नव्हता. सकाळीच मी त्याला कळवलं, पण मालिकेतल्या लग्नाचा मोठा एपिसोड द्यायचा होता. नाही म्हणायची छाती झाली नाही, निघायला दुपार झाली. जालन्याच्या अलीकडे बस अडकली. इकडे रात्र झाली, माणसं अंत्यविधीसाठी खोळंबली होती. शेवटी मीच त्याला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि काकूच्या मागे हातात धरून उभा राहिलो. काकूला सांगितलं नाही. निदान आवाज तरी कानावर पडू दे, एवढंच माझ्या मनात होतं.

गाणं ऐकलं तेव्हा मी त्याला विचारलं, "तुला कळलं न्हाई, कुठून आलं हे?"

"करताना न्हाई कळलं," तो म्हणाला. "ऑफिसात वाजवलं तवा कळलं. पर तवर सगळे टाळ्या वाजवून राहिले होते."

सांगायला भ्याला. आणि आता ज्योतीताईच्या, म्हणजे त्याच्या बहिणीच्या पोरीचं लग्न निघालं. ऐश्वर्याने हट्टच धरला की मंडपात येताना मामाचंच गाणं वाजलं पाहिजे. बँडवाल्यांनी ते बसवलंही. अपशकुनाची भीती नव्हती. काकू बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणणारी बाई, तिच्यापुढे असलं बोलायची सोय नाही. भीती काकूचीच होती. मालिका लागली की ती उठून अंगणात जायची. कुणी का विचारलं तर बोलायची नाही. मग एक दिवस तिने रत्नपालला फोन केला, "लग्नाच्या दोन दिस आदी ये. बोलायचं हाय."

त्या आठवड्यात त्याने मला अकरा वेळा फोन केला. गाणं मालिकेतून काढा म्हटलं तर काम जाणार, नाही काढलं तर माय जाणार. शेवटी आला तो तापच अंगात घेऊन. माझा दंड धरून मला आत नेलं. बाहेर मंडपाच्या बल्ल्या ठोकत होते, काकू खाली बसून गहू निवडत होती. खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही भ्यालो होतो. फोन मीच धरला होता.

"ते गाणं माजं हाय," काकू मान वर न करता म्हणाली.

"व्हय, माय."

"तू तर नव्हतास तवा. कुनी म्हनून दावलं तुला?"

रत्नपालने माझ्याकडे बोट दाखवलं. "प्रमोदनं फोन धरला व्हता. मी बसमधी कानाला लावून ऐकून राहिलो व्हतो. माय, मी ते काढाया लावतो. उद्याच सांगतो. काम गेलं तर जाऊ दे."

"ऐश्वर्याच्या मांडवात वाजवू नको. तिथं कुनी मेलेलं न्हाई," ती म्हणाली. मग तिने सूप बाजूला सारलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "सगळं ऐकलंस?"

"सगळं."

"तुज्या बापाला म्या दोनदा हाक मारली आसंल. बाकी समद्या तुला मारल्या. रत्न्या, कुठं राह्यलास, म्हनून. त्याबी ऐकल्यास?"

मला ते आठवलं. खरंच तिने त्यालाच हाका मारल्या होत्या, आणि माझ्या हातातला फोन गप्प होता.

"ऐकल्या," तो म्हणाला.

"मंग ओ काहून दिली न्हाईस?"

त्याने माझा दंड सोडला.

"भ्यालो, माय," रत्नपाल म्हणाला.