न गळणारे वाफे

सगळे त्यांना टाकीवाले म्हणत. खरं नाव सहीपुरतं उरलं होतं. गवंडीकामात पाण्याच्या टाक्यांवर त्यांचा हात असा बसला होता, की चाळीस वर्षांत त्यांची एकही टाकी गळली नाही. निदान ते तसं सांगत, आणि खोटं ठरवायला कुणी आलं नव्हतं. पाहुणे म्हणून गेले तरी चहाचा कप हातात घेऊन आधी छताचे कोपरे न्याहाळायचे. मग बायको कोपराने ढोसायची.

बायकोचा जीव मात्र मातीत. घरामागच्या तुकड्यात ती पालक, मुळे, टोमॅटो लावायची आणि रोज दोन-दोन तास तिथे उकिडवी बसलेली असायची. मग गुडघ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, यापुढे उकिडवं बसायचं नाही. त्या दिवसापासून ती मागच्या दाराकडे फिरकली नाही. "बाजारात मिळतेच की भाजी," एवढंच म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात ती कुठल्याच गोष्टीला इतक्या मुकाट्याने कबूल झाली नव्हती. टाकीवाल्यांना त्याचीच भीती वाटली.

एका सकाळी ते टेप घेऊन स्वयंपाकघरात आले आणि ओट्याची उंची मोजू लागले.

"आता ओट्याला काय झालं?" तिने विचारलं.

"ओट्याला काही नाही. मागे एवढ्याच उंचीचे वाफे बांधतोय. उभ्याने चिरतेस, तशी उभ्याने लाव."

"वाफे कधी कमरेएवढे असतात का?"

"आमचे असतात."

तीन आठवड्यांत दोन वाफे उभे राहिले. खाली भरीव चौथरा, वर हातभर खोल वाफा, विटा ओळंब्यात, आतून गुळगुळीत गिलावा, त्यावर पाणी अडवणाऱ्या लेपाचे दोन हात. मग टाकीची घेतात तशी परीक्षा. काठोकाठ पाणी भरलं, पेन्सिलीने खूण केली आणि तीन दिवस कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. उन्हाने प्यायलं असेल तेवढंच पाणी उतरलं. टाकीवाले स्वतःवरच बेहद्द खूश झाले. पाणी उपसून माती भरली, तेव्हा बायको काठी टेकत बाहेर आली. चार महिन्यांनी. लावताना ती पूर्वीसारखी रोपांशी बोलत होती, आणि दारात उभ्या असलेल्या टाकीवाल्यांचा ऊर भरून आला.

पंधरा दिवसांत पालक पिवळा पडला. टोमॅटोने मान टाकली. तिने आणखी पाणी घातलं, खत घातलं, तशी रोपं आणखीच बसली.

"राहू दे आता," ती हात धूत म्हणाली. "माझा हातगुणच गेला." तिने बियांचा डबा त्यांच्या हाती दिला आणि कपाटावर ठेवायला सांगितला, पार वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाफ्याच्या मातीत कोपरापर्यंत हात घातला. खाली गार चिखल लागला, कुजका वास आला. मुळं पाण्यात उभी होती. ती भाजी लावत होती आणि त्यांनी बांधली होती टाकी.

खरं सांगायचं तर, गुपचूप भोकं पाडावीत आणि खापर हवेवर फोडावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. कुणाला कळलंही नसतं. पण जेवताना, बाजारची भाजी वाढता वाढता, ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. ते त्यांना बघवेना.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही," ते ताटात बघत म्हणाले. "माझं काम चुकलं. पाणी जायला वाटच ठेवली नाही मी."

'माझं काम चुकलं' हे या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं.

"विसरलात?"

"विसरलो कुठे? सुचलंच नाही."

जेवण झाल्यावर त्यांनी ड्रिल आणलं, तळाशी खूण केली, टोक टेकवलं आणि तसेच थांबले. बटण दाबवेना. इतकी वर्षं हातांना जे शिकवलं, ते हात विसरायला तयार नव्हते. बायको काठी टेकत जवळ आली. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"पाडा," ती म्हणाली.

भोक पडलं. आधी थोडा भुगा आला, मग गढूळ पाण्याची धार लागली. तिने काठी वाफ्याला टेकवून ठेवली आणि कमरेत वाकून धारेखाली ओंजळ धरली.

"गळतंय," ती म्हणाली.

जन्मभर ज्या शब्दाची त्यांना धास्ती होती, तो हाच.

"नीट बघ. थांबत तर नाही ना?"

"नाही. छान गळतंय."

ते दुसऱ्या भोकाची खूण करायला वाकले.

"ते नंतर," ती म्हणाली. "आधी तो बियांचा डबा खाली काढून द्या. माझा हात पुरत नाही तिथे."