रीनाचे मोठेबाबा

प्रभूच्या प्रार्थनेत एक मागणं आहे, की आम्ही जशी इतरांना क्षमा करतो तशी आम्हांलाही मिळावी. माझी रीना गेल्यापासून त्या ओळीला माझे ओठ मिटायचे. पुढची ओळ आली की मी पुन्हा सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळायची. तिवसा तालुक्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच आणि चर्चही लहानसं, त्यामुळे शेजारच्या बायकांना हे कळत असणार. पण कोणी काही बोललं नाही. शेवटी मीच एकदा पापनिवेदनात फादरांना सांगितलं, की एवढं एक वाक्य माझ्याकडून म्हटलं जात नाही आणि देवासमोर खोटं बोलायची माझी इच्छा नाही. ते समजावतील, रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "नका म्हणू. नुसत्या उभ्या राहा. बाकीचे तुमच्या वतीनं म्हणतील." ऐकून मला बरं वाटलं, पण मन होतं तिथंच राहिलं.

त्या वर्षांत पराटीवरची, म्हणजे कपाशीवरची अळी कशानंच मरत नव्हती. एक औषध फवारून झालं की लोक दुसरं आणत, ते लागू पडलं नाही की तिसरं. गोठ्यात, माळ्यावर, खाटेखाली, जिथं पाहावं तिथं औषधाचे डबे. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ जोसेफदादा, आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. त्यांच्या डब्याला चीर गेली, म्हणून उरलेलं औषध त्यांनी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवून दिलं. रीना तेव्हा पहिलीत होती. शाळेतून आली की दप्तर आमच्या घरात टाकायची आणि मोठेबाबांकडे, म्हणजे दादांकडे पळायची. त्या दिवशी तिला तहान लागली. पुढचं लिहिण्यासारखं नाही. अमरावतीच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

दादांनी एका शब्दानंही स्वतःची बाजू मांडली नाही. कब्रस्तानात सगळ्यांसमोर ते म्हणाले, की हे माझ्या हातून झालं. मी तोंड फिरवलं, ते फिरवलंच. दोन घरांमधल्या भिंतीत येण्याजाण्यापुरतं दार होतं, ते मी विटांनी बुजवून घेतलं. माझे पती शेतात भावाशी बोलत असत, मला ते ठाऊक होतं, पण घरात आम्ही तो विषय काढत नव्हतो. पूर्वी रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, दादा बायबलचं वाचन करायचे. ते त्यांनी सोडलं. शेवटच्या बाकाच्याही मागे, दाराजवळ बसू लागले आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठेनासे झाले. लोकांना त्यांची कीव यायची. मला यायची नाही. यांची मुलं यांच्या अंगणात खेळतात, एवढंच मला दिसायचं.

ईस्टरआधीच्या एका उपवासकाळात माझी जाऊ माझ्या दारात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. दादा जेवत नाहीत, बोलत नाहीत, रात्रंदिवस एका जागी बसून असतात, असं तिनं सांगितलं. घरातली सगळी औषधं तिनं पेटीत घालून कुलूप लावलं होतं आणि किल्ली गळ्यातल्या क्रुसाच्या दोऱ्यात ओवली होती. तेव्हा आसपासच्या गावांतून कुणी ना कुणी औषध पिऊन गेल्याचं रोज कानावर येत होतं, त्यामुळे ती कशाला भ्याली आहे हे मला वेगळं सांगायला नको होतं. ती म्हणाली, "तू एक शब्द बोलली तं थो मानूस वाचते. मी तुले बोल म्हनत नाही. फक्त सांगाले आली."

ती गेल्यावर मला तिचाच राग आला, की आता त्यांचा जीवही माझ्याच माथी का म्हणून. दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली आणि अमरावतीला बहिणीकडे निघाले. काही झालंच तर आपण तिथं नसावं, खरं सांगायचं तर इतकंच मनात होतं.

तिवसा सोडल्यावर थोड्याच वेळात बस बंद पडली. ऊन कडक होतं. बाकीचे लोक मिळेल त्या गाडीनं गेले आणि मी एका कडुनिंबाखाली उभी राहिले. संत्र्यांचे क्रेट भरलेला एक टेम्पो थांबला. चालवणारा दाढीवाला मुसलमान माणूस होता, शेजारी त्याची बायको आणि मांडीवर लहान मुलगी. त्यानं विचारलं, कुठं जायचं, आणि बायकोला सरकायला सांगितलं. संत्र्याचा व्यापार आणि थोडी स्वतःची झाडं, असं त्याचं चाललं होतं. जरा वेळानं बायकोला डुलकी लागली. मुलगी आपण होऊन माझ्या मांडीवर आली. रीना गेल्यापासून मी कुणाचं मूल मांडीवर घेतलं नव्हतं. तिला खाली ठेवावं असं वाटत होतं, पण ठेवलं नाही.

ती वाकून पायाशी काहीतरी शोधत होती. वर आली तेव्हा तिच्या हातात थंड्याची बाटली होती आणि झाकण निघालं होतं. तो वास मी कुठंही ओळखेन. माझा हात कधी उठला मला कळलं नाही. बाटली खाली आपटली, औषध माझ्या लुगड्यावर सांडलं, मुलगी रडायला लागली. त्यानं करकचून गाडी थांबवली आणि माझ्यावर ओरडायला तोंड उघडलं, तोच त्यालाही वास आला.

रस्त्यालगतच्या एका विहिरीवर आम्ही मुलीचं हात-तोंड धुतलं, मग माझे हात आणि लुगडं. तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. तिची आई तिला छातीशी घट्ट धरून उभी होती. बाप विहिरीच्या काठाला टेकून खाली बसला. आपल्या झाडांसाठी मोर्शीच्या मेव्हण्याकडून त्यानंच ते औषध बाटलीत भरून आणलं होतं. तो एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत होता, "बाई, पोट्टी गेली असती तं मी काय केलं असतं?"

असं झाल्यावर माणूस काय करतो ते मला माहीत होतं. तो दाराजवळ बसतो. ख्रिस्तप्रसादाला उठत नाही. मग जेवण सोडतो. त्या माणसाकडे बघताना मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी त्याच्याजवळ बसले आणि म्हणाले, "भाऊ, तुमचं चुकलं. पन तिचा जीव घ्याले काई तुमी थे बाटली ठेवली नोती."

हेच एक वाक्य मी दादांना कधी बोलले नव्हते, आणि इथं ज्याचं नावही मला माहीत नाही त्याला सहज बोलून गेले. ते मी ठरवून बोलले नव्हते. कुणीतरी ते माझ्या तोंडून काढून घेतलं असं तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

मी अमरावतीला गेले नाही. त्या नवरा-बायकोनी खूप आग्रह केला, दवाखान्यात दाखवून घ्या म्हणाले. मी ठीक आहे असं सांगून रस्ता ओलांडला आणि परतीची बस धरली.

दादा ओसरीत बसले होते. मला पाहून उठून आत जाऊ लागले. मी म्हणाले, "दादा, बसा. मी तुमाले माफ केलं हे सांगाले आली. मन अजून पुरतं मानत नाही. मानेल तवा मानेल. मी आज सांगून टाकते." ते खाली बसले. जाऊ दाराआड उभी राहून रडत होती. मग त्यांनी खालच्या मानेनं विचारलं, "तिचं नाव घेऊ का मी?"

इतकी वर्षं त्यांनी रीनाचं नाव उच्चारलं नव्हतं, आपल्याला तो हक्क नाही असं समजून. मी मानेनंच हो म्हटलं. मग ते बोलू लागले. ती बैलांना बिस्किटं भरवायची. चर्चमधली गाणी चुकीच्या शब्दांनी म्हणायची आणि दादांनी दुरुस्त केलं की रुसायची. मी रागावले की त्यांच्या धोतराआड लपून माझीच नक्कल करायची. यातलं बरंचसं मला माहीतच नव्हतं. तिचा निम्मा दिवस त्या घरात जायचा, आणि तो तिथंच राहून गेला होता. दिवेलागण होईपर्यंत मी बसले. मध्येच एकदा मला हसू आलं.

दादा लगेच बरे झाले असं नाही. फादर त्यांना अमरावतीच्या डॉक्टरकडे नेत राहिले, गावातले लोक आळीपाळीनं त्यांच्याजवळ बसत. हळूहळू ते जेवू लागले. पुढे एका रविवारी ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत ते माझ्या पुढे उभे होते. भिंतीतल्या विटा माझ्या पतींनी आणि त्यांनी मिळून काढल्या.

लोक मला म्हणतात, तुझं मन मोठं. मी पळून चालले होते, मला वाटेतून परत आणलं गेलं, एवढंच मला ठाऊक आहे. त्या मुलीसाठी आणि तिच्या आईबापासाठी मी रोज प्रार्थना करते. आता ती मोठी झाली असेल. दुःख अजून आहे, सणावाराला जास्त होतं. तसं झालं की मी दादांच्या ओसरीत जाते आणि म्हणते, रीनाचं काही सांगा. ते सांगतात.