ठिपक्यांचा कागद

वसुंधरा मुळातच भित्री. घराला कुलूप लावून जिना उतरली तरी पुन्हा वर जाऊन ते ओढून बघायची. गॅस बंद केला की नाही, या शंकेनं बसमध्ये तिचा जीव कासावीस व्हायचा. नवरा हेरंब बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत पाळीवर जायचा. तो म्हणायचा, आगीपाशी काम करतो मी, आणि जीव मुठीत धरून जगतेस तू.

अशा बाईच्या हाती विद्यापीठानं परीक्षेचे पेपर दिले. आणि तेही तिनं स्वतः हट्टानं मागून घेतले होते.

लग्नाआधी ती अंधशाळेत शिकवायची, तिथंच ब्रेल शिकली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठाच्या ग्रंथालयात अंध मुलांसाठी एक खोली निघाली, तिथं ती कंत्राटावर लागली. खोलीत एक बोलणारा कॉम्प्युटर होता. पडद्यावरचं सगळं तो वाचून दाखवायचा, पण अशा परदेशी आवाजात, की त्याच्या तोंडून ‘मांडवी’ आणि ‘रावपुरा’ ही गावातली नावं ऐकून मुलं हसत सुटायची. दुसरं यंत्र म्हणजे ब्रेलचा प्रिंटर. जाड कागदावर ठिपके उठवताना तो असा खडखडायचा, की शेजारच्या वाचनालयातून तक्रारी यायच्या.

तोवर अंध मुलांना परीक्षेत प्रश्न दुसरं कोणीतरी वाचून दाखवायचं. विहंग नावाच्या हुशार मुलाला त्याच्या लेखनिकानं एक अख्खं पान वाचूनच दाखवलं नाही. दोन पानं चिकटली होती म्हणे. मुलगा नापास झाला. तेव्हापासून वसुंधरा परीक्षा नियंत्रक भास्कररावांच्या मागे लागली. उत्तरं लेखनिकानं लिहू देत, पण प्रश्न तरी मुलांना स्वतःच्या बोटांनी वाचू देत, असं तिचं म्हणणं. भास्करराव जुन्या वळणाचे, करडे बडोदेकर. पेपर आणखी एका माणसाच्या हातून जाणार, हे त्यांना रुचेना. शेवटी एका वर्षापुरतं त्यांनी मान्य केलं. “जबाबदारी तुमची,” इतकंच म्हणाले.

त्या दिवसापासून वसुंधराला धड झोप लागली नाही.

सोमवारी इतिहासाचा पेपर होता. शनिवारी सकाळी भास्कररावांनी सीलबंद पाकीट दिलं. खोलीला आतून कडी लावून तिनं प्रश्न टाइप केले, छापायला घेतले, आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला. तिनं तो ओढून काढला, आणखी एक वाकडा छापला गेला होता तोही काढला, दोन्ही यंत्रामागे ठेवले आणि पुन्हा सुरुवात केली. मग मोजून गठ्ठा बांधला, लाख लावली, कपाटात ठेवून कुलूप घातलं. जिन्यावरून परत येऊन ते कुलूप ओढून बघितलं. पेपरची फाइल पुसली की नाही तेही पुन्हा बघितलं. यंत्रामागच्या दोन कागदांची आठवण मात्र तिला राहिली नाही. संध्याकाळी शिपाई सुभानराव केर काढायला आला. त्याला ते कागद कोरेच दिसले. रद्दीबरोबर तेही त्यानं विद्यापीठाच्या फाटकावर भाजलेले शेंगदाणे-चणे विकणाऱ्या सिंगचणेवाल्या जेठाकाकाला पुड्यांसाठी देऊन टाकले.

रविवारी सकाळी वसुंधराच्या समा भागातल्या घरी विहंग आला. हॉस्टेलमधून एकटाच रिक्षा करून आलेला. अंग घामानं भिजलेलं, उजवी मूठ आवळलेली. पाणी दिलं ते त्यानं घेतलं नाही. आधी दार लावा म्हणाला.

“वसुताई, काल फाटकावर सिंगचणे घेतले. पुडी टाकताना बोटांना ठिपके लागले.” त्यानं मूठ उघडली. “एक ओळ वाचली मी. पुढं वाचलं नाही.”

तेलानं आणि मिठानं माखलेला तो तुकडा वसुंधरानं खिडकीपाशी नेला. ठिपके अर्धे चेपले होते, पण वाचता येत होतं. इतिहासाच्या पेपरातला तिसरा प्रश्न. ती तिथंच खाली बसली. पेपर फुटला होता, आणि फोडणारी ती होती. पोलीस सोसायटीत येतील, शेजारणी गॅलरीत उभ्या राहून बघतील, हेरंबला कामावर कोणी विचारेल, असं सगळं तिच्या डोळ्यांसमोरून झरझर गेलं.

हेरंब घरीच होता. त्यानं तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. तो म्हणाला, गॅसवर धर आणि विसरून जा, गावात हे वाचता येतं कोणाला? ज्यांना वाचता येतं तीच मुलं उद्या परीक्षेला बसणार आहेत, असं ती म्हणाली तेव्हा त्यानं तुकडा तिच्या हातात परत दिला.

विहंग अजून दाराशीच उभा होता. “ताई, तुम्ही सांगितलंत तर ते ब्रेल बंद करतील ना?”

करतील, असंच तिलाही वाटत होतं. न सांगावं, हा विचार तिच्या मनात आला, आणि तो इतका गोड वाटला की तिला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

वसुंधरा आणि विहंग रिक्षानं फाटकावर गेली. जेठाकाकाच्या टोपलीत उरलेले तुकडे होते. कागद एकदम फर्स्ट क्लास, तेल बाहेर येत नाही, असं त्यानं कौतुकानं सांगितलं. तिनं सगळे तुकडे मागून घेतले आणि पायरीवर बसून जुळवले. एक पान पुरं झालं. दुसऱ्याचा वरचा कोपरा कुठंच नव्हता. तो कोणाला दिला, असं तिनं विचारलं.

“बेन, आखो दाडो घराक आवे. कोण याद राखे?”

दिवसभर गिऱ्हाइकं, कोण लक्षात ठेवणार? वसुंधरा रस्त्याकडे बघत राहिली. समोरून पुड्या घेऊन खात जाणारा प्रत्येक माणूस तिला आपला पेपर घेऊन चाललाय असं वाटत होतं. एकीकडे भीती अशी, की तो कोपरा कोणाला तरी मिळाला असेल. दुसरीकडे भीती अशी, की आता आपल्याला भास्कररावांकडे जावंच लागणार.

भास्करराव दांडिया बाजारात राहायचे. पूजा आटोपून ते बाहेर आले. वसुंधरानं तुकडे टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. सुभानरावाचं नाव घेतलं नाही. कागद मीच विसरले, म्हणाली. त्यांनी तुकडे जवळ ओढून पाहिले. मग विहंगकडे वळले.

“पुढचं का नाही वाचलंस?”

“भीती वाटली, सर.”

“कशाची?”

“गेल्या वर्षी नापास झालो त्यात माझी चूक नव्हती. या वर्षी असा पास झालो असतो तर ती असती.”

भास्कररावांनी टोपी चढवली. इतिहासाचा राखीव पेपर त्यांच्या ताब्यात होता; सगळ्या विद्यार्थ्यांना तोच द्यायचं त्यांनी तिथंच ठरवलं. त्या दुपारी ते वसुंधराशेजारी स्टूल घेऊन बसले. तिच्या हातून चुकीची अक्षरं उमटत. ती पुसायची, पुन्हा टाइप करायची. प्रिंटर खडखडत होता आणि बिघडलेला प्रत्येक कागद भास्करराव स्वतःच्या हातानं बारीक फाडत होते. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

सोमवारी पेपर चालू असताना ती परीक्षेच्या हॉलबाहेर उभी होती. रस्त्यावर जीपचा आवाज आला की पोलीस आले असं वाटायचं. विहंग काठी टेकत बाहेर आला. तिनं काही विचारायच्या आत तोच म्हणाला, “तिसरा प्रश्न सोडला, ताई. पुडीवरचा तिसरा आला असता मला.”

तो पास झाला, काठावर. पुढं रेल्वेत टेलिफोनवर लागला.

वसुंधराला ठपक्याचं पत्र मिळालं, आणि पुढच्या परीक्षेपासून ब्रेल पेपर खरोखरच बंद झाले. विहंगनंतरच्या मुलांना पुन्हा दुसऱ्याच्या तोंडून प्रश्न ऐकावे लागले. त्यांच्यातलं कोणी नापास झालं की तिला घरी घास जात नसे. नोकरी मात्र टिकली. नवे नियंत्रक आल्यावर ती पुन्हा अर्ज घेऊन गेली, नाकारला तर पुढच्या वर्षी पुन्हा. चौथ्या वर्षी परवानगी मिळाली. तेव्हा तिनं स्वतःहून एक अट घातली, की छापताना शेजारी कोणीतरी बसलंच पाहिजे.

ती निवृत्त होईपर्यंत ते तसंच चाललं. परीक्षेच्या मोसमात तिचं वजन उतरायचं. हेरंबनं एकदा विचारलं, इतकी घाबरतेस तर हे काम सोडत का नाहीस? ती म्हणाली, न घाबरणारं कोणी मिळालं, तर त्याच्या हाती पेपर देववणार नाही मला. आणि डबा पिशवीत टाकून ती बस पकडायला निघाली.