दोन्ही बाजू फुल, तरी पावती अडकलेली

मंडळी, आधीच सांगून ठेवतो — भूत, भानामती, नजर यातलं मी काहीही मानत नाही. वीस वर्षांहून जास्त काळ नेटवर्किंगच्या धंद्यात आहे. वायरमध्ये एक तर सिग्नल असतो, नाहीतर नसतो. तरी हे लिहितोय, कारण जे झालं ते भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर झालं...

कापसाचे ते वाईट हंगाम चालू होते. यवतमाळहून दारव्ह्याला जाताना, गावाच्या जरा अलीकडे एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, होती. गेटपाशी वजनकाट्याची केबिन, तिथून साठ-सत्तर मीटरवर ऑफिस. केबिनमधल्या कॉम्प्युटरवर गाडीचं वजन टाकलं की पावती ऑफिसच्या प्रिंटरवर निघायची. ही सगळी जोडणी माझ्याच हातची.

केबिनमध्ये वंदनाताई बसायच्या. नवरा वारलेला, घरी सासू आणि दोन शाळकरी मुली, कमावणाऱ्या या एकट्याच. एका सकाळी मॅनेजर राऊतभाऊंचा फोन आला. "पावत्या अटकून राह्यल्या. बाहेर गाड्यांची लाइन लागली. मशीन बिघडली का त्या बाईच्यानं काम होत नाही, एकदा येऊन सांगा बरं. आजच फैसला करतो."

जीप पकडून अकराला पोचलो. वंदनाताई म्हणाल्या, "साहेब, साधी पावती जाते. गाडीचा फोटो लावाले सांगतला, तवापासून फोटोवाली अटकते."

पिंग केलं, म्हणजे एक छोटासा संदेश पाठवून पाहिला, एकदम झकास. छोटं जातंय, मोठं अडकतंय — मला तिथेच कळलं. डुप्लेक्स मिसमॅच! म्हणजे एका बाजूला वाटतं आपण एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकतो, दुसरी बाजू मात्र पाळीपाळीनं बोलते. थोडकं बोलणं निभतं, पण जास्त झालं की गोंधळ. ऑफिसातल्या नेटवर्क स्विचचं सेटिंग उघडून पाहिलं. केबिनचा पोर्ट हंड्रेड फुलवर, म्हणजे एकाच वेळी बोलण्या-ऐकण्यावर, बांधून ठेवलेला. केबिनचा कॉम्प्युटर ऑटोवर, त्याला समोरून काही कळेना म्हणून तो बिचारा हाफवर, म्हणजे पाळीपाळीनं बोलण्यावर, गेलेला. आणि पोर्ट बांधला कोणी? मीच! दिवाळीत, जास्तीचं शहाणपण करून.

"सापडलं का?" राऊतभाऊ मागेच उभे होते.

"सेटिंग हललं होतं."

"कोणं हलवलं?"

यांच्या मालकाची दुसरी जिनिंग बाभुळगावला होणार होती, तिथलं काम मला हवं होतं. तोंडातून निघून गेलं, "केबिनमध्ये छेडछाड झाली असेल."

त्यांनी लगेच वंदनाताईंना बोलावून घेतलं. "मी कायले छेडू, भाऊ? मले तर ते उघडताबी येत नाही," त्या म्हणाल्या. राऊतभाऊ म्हणाले, उद्यापासून येऊ नका. वंदनाताईंनी जेवणाचा डबा उचलला नि त्या गेल्या. मी स्क्रीनवरून मान वर केली नाही.

पोर्ट ऑटोवर टाकला. दोन्ही बाजू हंड्रेड फुल, कोलिजन शून्य, एरर शून्य. आता काय, खेळ खलास! केबिनमधून पावती पाठवली... अडकली.

दोन्हीकडं रीस्टार्ट केलं. केबल बदलली. नेटवर्क कार्ड बदललं. त्याच केबलला माझा लॅपटॉप लावला तर भलीमोठी फाइल सर्रकन गेली. मग वजनकाट्याचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर चढवून पावती पाठवली — अडकली! साडेतीन वाजले. गाडीवाले आता केबिनच्या खिडकीशी येऊन शिव्या देत होते. पण मला सारखा तो डबा दिसत होता. खरं सांगतो, लाज वाटली. फार लाज वाटली.

ऑफिसात जाऊन राऊतभाऊंपुढे उभा राहिलो. "भाऊ, खोटं बोललो. सेटिंग मीच चुकवलं होतं, दिवाळीत. त्या बाईंचा काडीचाही दोष नाही."

आणि प्रिंटर सुरू झाला.

एकामागून एक, सगळ्या अडकलेल्या पावत्या, फोटोंसकट. केबिन रिकामी होती, माझे हात रिकामे होते. राऊतभाऊ ओरडायचंही विसरले. मग आठवलं तसे भरपूर ओरडले, बाभुळगावचं नावही काढू नका म्हणाले आणि वर, बाईंना तुम्हीच घेऊन या.

नंतर मी लॉग चाळले, तीच जोडणी माझ्या दुकानात मांडून पाहिली. मित्रांनी बफर सांगितला, प्रिंटरची रांग सांगितली. एकही गोष्ट बसत नाही.

त्याच दिवशी वंदनाताईंच्या घरी गेलो. त्या दारातच उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं, माफी मागितली, उद्या कामावर बोलावलंय म्हणालो. मग त्यांनी विचारलं,

"पावत्या अकरालेच निंगाल्या असत्या, त आले असते का साहेब?"

प्रिंटरचं मला सांगता येत नाही. याचं उत्तर मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

"नाही, ताई," मी म्हणालो. "एकच्या जीपनं घरी गेलो असतो."