शिदाप्पाच्या दफ्तरातली माझी ओळ

शिदाप्पा हेळवी गेला, हे त्याच्या मुलानं, बसवंतानं, आमच्या दारात बैल उभा करून सांगितलं. त्याला आता महिना होत आला. "आप्पा गेलं, आईसाब. झोपेतच गेलं," एवढंच तो म्हणाला आणि बैलाची पाठ चोळत राहिला. आमच्या भागात घराण्यांच्या वंशावळी हेळवी सांभाळतात. सुगी झाली की बैलावर बसून येतात, पिढ्या म्हणून दाखवतात, नव्यानं जन्मलेल्यांची नावं दफ्तरात चढवतात आणि सूपभर जोंधळे घेऊन पुढच्या दारी जातात. आमच्या घरचं हे काम शिदाप्पाकडं होतं. त्याचं मी एकदा मोठं नुकसान केलं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

कोल्हापूरच्या महाराजांना गादीवर बसून फार वर्षं झाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. मी गारगोटीच्या शाळामास्तरांची मुलगी, पंधरा वर्षांची, कोल्हापुरात नवी सून. चार बुकं शिकले होते आणि चाळीस शिकल्यासारखी चालत होते. त्या साली माझ्या नणंदेला, तानूवन्संना, पेठ वडगावचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांची एकच अट होती, वंशावळ हेळव्याच्या तोंडून ऐकायची. तानूवन्संनी मुलाला देवळात लांबून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्या भाकरी थापताना गुणगुणत होत्या... आता आमच्या वंशावळीत एक भोक होतं. सातव्या पिढीचा रायाजी, त्याच्या बापाचं नावच नाही. आई हिराई, काखेत पोर घेऊन नदीपलीकडून आली, इतकीच नोंद. मला वाटलं, या भोकातून वन्संचं लग्न गळून जाणार. पाहुणे पोचायच्या आधी शिदाप्पा परसात जेवत होता आणि दफ्तर सोप्यात उघडं होतं. मी टाक घेतला आणि रायाजीच्या वर लिहून टाकलं, 'सरदार सुभानराव'. बाप द्यायचाच तर चांगला का देऊ नये? सगळं दफ्तर मोडी लिपीत आणि माझी ओळ शाळेतल्या बालबोधीत, टपोरी, ही गोष्ट या हुशार बाईच्या ध्यानातही आली नाही.

पाहुणे बसले. शिदाप्पा डोळे मिटून म्हणू लागला. दफ्तर नुसतं मांडीवर. हेळवी पाठ म्हणतात, पाहून नाही, हेही मला तेव्हाच कळलं. रायाजीपाशी तो म्हणाला, "याच्या बापाचं नाव आमच्याकडं न्हाय." पाहुण्यांनी मान डोलावली. तिथंच सगळं निभावलं असतं. पण दाराआडून मीच बोलले, "दफ्तरात बघा तरी." शिदाप्पानं डोळे उघडले, पान पाहिलं. पाहुण्यांनीही पाहिलं.

"ही शाई आजची हाय," वडगावकर म्हणाले. "कुणी लिवलं?"

शिदाप्पानं दाराकडं पाहिलंसुद्धा नाही. "दफ्तर उघडं टाकून जेवाय बसलो, पावणं. चूक माझी."

"नाव न्हाय म्हणाला असता तर चाललं असतं की. आमच्यात काय सगळी नावं हायत व्हय? पण घालावं लागलं, म्हंजे आनखी काय काय घातलंय कुनास ठावं." आणि ते उठले. सासूबाईंनी माझ्या शाईच्या बोटाकडं एकदा पाहिलं आणि "पदर नीट घे" म्हणाल्या. त्यापलीकडं कधी काही नाही.

तानूवन्संना पुढं कळंब्याचं घर मिळालं. माणसं भली होती, पण भाकरी थापताना त्या मला परत गुणगुणताना ऐकू आल्या नाहीत. वडगावच्या घरची वंशावळही शिदाप्पाच सांभाळायचा; त्या घरानं त्याला दार बंद केलं आणि त्यांच्या भावकीतल्या आणखी दोन घरांनीही. तरी सुगीनंतर तो आमच्याकडं येत राहिला. एकदा मी हळूच म्हटलं, "ते पान फाडून टाका." तर म्हणाला, "पान फाडत न्हाईत, धाकल्या वैनी. लबाडी घरात झाली तर तीबी घराण्याचीच की." वर हसला. माझं नाव त्यानं कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही... वन्संनासुद्धा नाही. त्या गेल्या, आणि ते तसंच राहिलं.

गेल्या आठवड्यात बसवंता पुन्हा आला, माझ्या नव्या पणतीचं नाव चढवायला. ते झाल्यावर मी विचारलं, "तुझ्या बापाचं नाव कुणाच्या दफ्तरात चढलं?"

"आमचं कोन लिवतंय, आईसाब? आमी दुसऱ्याचं लिवतो."

मी नातवाची कोरी वही मागवली, चष्मा चढवला. शिदाप्पा. त्याचा बाप मल्लाप्पा. त्याचा बाप सिद्राम. अक्षर आता टपोरं राहिलेलं नाही. "त्याचा बाप?"

बसवंतानं बराच वेळ डोकं खाजवलं. "ठावं न्हाय बा. घाला की कायतरी चांगलंसं, तेवढंच बरं दिसंल."

मी ती ओळ मोकळी सोडली आणि दौतीला बूच लावलं.