केस धुतले तो शुक्रवार

लेकीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही देवळाली कॅम्पात राहायचो. हे तोफखान्यात हवालदार, पण त्या वर्षी यांची पोस्टिंग काश्मीरला होती. घरात आम्ही दोघीच. फायरिंग रेंजवर सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि ती अभ्यास सोडून धमाके मोजत बसायची.

आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, आम्ही सकाळच्या बसने नाशिकच्या एका खाजगी हॉस्पिटलात डायलिसिसला जायचो. मोठ्या माणसांना हाताच्या शिरेतून करतात तसं तिचं जमणार नव्हतं. शिरा फार बारीक होत्या. म्हणून डॉक्टरांनी मानेतल्या मोठ्या शिरेत एक नळी घातली. तिची दोन तोंडं मानेपाशी बाहेर लोंबत राहायची, वर पांढरी पट्टी. पाच आठवड्यांत त्या नळीत गुठळी झाली. मग डाव्या बाजूला दुसरी घातली. तीही नीट चालेना, आणि एके दिवशी सकाळी उठली तर चेहरा सुजलेला, डोळे उघडत नव्हते. शिरेतच गुठळी धरली होती.

तिसरी नळी त्यांनी छातीवर कातडीखालून घातली. ऑपरेशन थिएटरबाहेर येऊन डॉक्टर मला म्हणाले, "ताई, हिच्या जागा आता संपत आल्यात. ही नळी डोळ्यात तेल घालून जपा. पट्टीला पाणी लागता कामा नये. अंग पुसून घ्यायचं, अंघोळ नाही."

माझी किडनी तिला जुळत होती. राहिलेल्या तपासण्या आणि मुंबईची तारीख मिळायला अडीच-तीन महिने लागणार होते. तेवढे दिवस ही नळी टिकवायची, एवढंच माझं काम होतं.

मी ते केलं. सहा आठवडे केलं. मऊ फडक्याने अंग पुसायचं, झबल्यासारखे पुढून उघडणारे फ्रॉक मी स्वतः शिवले, झोपेत हात जाऊ नये म्हणून शेजारीच झोपायचे. ती शाळेत क्वचितच जायची. केस मात्र राहून गेले. ओल्या कंगव्याने विंचरून किती दिवस काढणार? डोकं खाजायचं, खपल्या धरल्या होत्या. एकदा बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून बघितलं आणि पोरगी माझ्या पदरात तोंड खुपसून बसली.

मग शाळेतून निरोप आला, शनिवारी वर्गाचा फोटो आहे.

"मम्मी, मी जाणार," ती म्हणाली. "पण असे केस घेऊन नाही."

"टोपी घाल की."

"फोटोत टोपी कोण घालतं?"

तिने हट्ट केला नाही, रडलीही नाही. पाटीवर काहीतरी गिरवत राहिली. तिने हट्ट केला असता तर मी रागावले असते आणि विषय संपला असता.

शुक्रवारी दुपारी मी शिकेकाई उकळली. दुधाची रिकामी पिशवी कापून स्वच्छ धुतली, पट्टीवर लावली आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली. तिला खाटेवर आडवं निजवलं, डोकं काठाबाहेर, खाली घमेलं. तांब्याने थोडं थोडं पाणी सोडत होते. ती डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "किती बरं वाटतंय गं." मी दुसऱ्यांदा शिकेकाई लावली. तेव्हा ती हसून मान वळवायला गेली आणि पाण्याचा ओघळ गळ्यावरून पिशवीच्या खाली शिरला.

मी लगेच पिशवी काढली. पट्टीची एक कड ओली झाली होती. बोटाच्या पेराएवढी. पंख्याखाली बसवून वाळवली. हॉस्पिटलला फोन करायला हवा होता. एसटीडी बूथ हाकेच्या अंतरावर होता. पण मला वाटलं, एवढंसं तर आहे, सोमवारी पट्टी बदलतीलच. आणि खरं सांगायचं तर, मला बोलणी खायची नव्हती.

शनिवारी ती दोन वेण्या घालून फोटोला गेली. केसांना हात लावून लावून बघत होती.

सोमवारी डायलिसिसच्या सिस्टरने पट्टी सोडली. या सिस्टर मालेगावकडच्या, वयाने माझ्याएवढ्याच, लेकीशी अहिराणीत गमतीने बोलायच्या. त्यांनी पट्टी उजेडात धरली.

"ही कड ओली झाली होती का?"

"घामाने झाली असेल," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग औषधाने जागा पुसली आणि नवी पट्टी लावली.

गुरुवारी मशीन सुरू होऊन तास झाला असेल. ती चित्रांचं पुस्तक बघत होती. एकाएकी दात वाजायला लागले. आधी मला वाटलं एसीची थंडी. मग सगळं अंग थडथडायला लागलं, खाट हलायला लागली. दोन ब्लँकेटं घातली तरी थांबेना. डॉक्टर आले, मशीन थांबवलं, रक्त तपासणीला पाठवलं. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "नळीतून जंतू रक्तात गेलेत."

नळी काढायला हवी होती. पण काढली तर दुसरी घालायची कुठे? म्हणून दोन दिवस नळीतूनच औषधं देऊन बघितली. ताप उतरेना. मग नळी काढली आणि जांघेत तात्पुरती घातली. तोवर जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते. यांना तार केली. हे तिसऱ्या दिवशी पोचले, तसेच स्टेशनवरून, युनिफॉर्मवर. तिने ओळखलं. "पप्पा, सुट्टी किती दिवस?" म्हणून विचारलं. हे म्हणाले, "तू म्हणशील तेवढी."

त्यानंतर ती आठ दिवस होती. गेली ती सकाळी दहाच्या सुमाराला, वॉर्डात फरशी पुसणं चाललं होतं तेव्हा. माझा हात तिच्या कपाळावर होता. मला कळलंच नाही. वॉर्डाच्या सिस्टरने माझा हात उचलला तेव्हा कळलं.

मुंबईच्या हॉस्पिटलचं तारखेचं पत्र त्याच महिन्यात आलं. ते यांनी कुठे ठेवलं मला माहीत नाही.

दीड-दोन महिन्यांनी तिचे कागद आणायला मी एकटीच हॉस्पिटलात गेले. खरं तर डॉक्टरांना एकच गोष्ट विचारायची होती. त्यांना शुक्रवारचं सगळं सांगितलं. पिशवी, तांब्या, ओघळ, आणि घामाचं खोटं. त्यांनी मध्ये तोडलं नाही.

"पाण्याने झालं का, डॉक्टर?"

"झालं असेल. नसेलही," ते म्हणाले. "त्या आठवड्यात ती नळी आम्ही दोनदा उघडली, बंद केली. आमच्या हातूनही झालं असेल. अशी नळी म्हणजे शरीराला ठेवलेलं उघडं दार असतं, ताई. मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉस्पिटलांतही हे होतं. नक्की कशाने, ते मी तुम्हाला कधीच सांगू शकणार नाही."

त्यांनी 'नाही' म्हणावं म्हणून मी गेले होते. 'हो' म्हणाले असते तरी चाललं असतं.

जिन्यात डायलिसिसच्या सिस्टर भेटल्या. माझ्या मागोमाग खाली आल्या होत्या. मला पायरीवर बसवून शेजारी बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्या सोमवारी मला कळलं होतं. तिच्या केसांना शिकेकाईचा वास येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तिने मला फोटोचं सांगितलं. वेण्या दाखवल्या. मला वाटलं, पट्टी बदलतेय ना मी, झालं. डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं होतं. रोज वाटतं."

आम्ही दोघी तिथे बराच वेळ बसलो. माणसं वर-खाली जात होती, आम्ही पाय आवरून जागा देत होतो. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. माझ्यासारखंच आणखी कुणी रोज जेवताना घास हातात धरून थांबत असेल, हे कळून वाईट वाटलं आणि थोडा आधारही वाटला. त्या आधाराची मला अजून लाज वाटते.

यांना सांगायला मला सहा वर्षं लागली. तोवर हे रिटायर झाले होते, आम्ही नाशिकरोडला राहायला आलो होतो. एका दुपारी हे पेपर वाचत होते, मी मेथी निवडत होते, आणि काहीही कारण नसताना मी सांगून टाकलं. यांनी पेपर खाली ठेवला नाही. पानही उलटलं नाही.

माझी अर्धी जुडी निवडून झाली तेव्हा म्हणाले, "मी असतो तर मीही धुतले असते."

हे खरंच तसं वाटून म्हणाले की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही. यांची शिस्त मला माहीत आहे. हे असते तर पट्टीला पाण्याचा थेंब लागला नसता.