मिशनातल्या मावशींचा आनंद

"कशा आहात, मावशी?" असं विचारलं की त्या आधी पदर सारखा करायच्या, मग दोन्ही तळहात माझ्यापुढे उघडून धरायच्या आणि म्हणायच्या, "आनंद हाय, साहेब." हातात काहीही नसायचं. फोड मात्र असायचे.

एकोणीसशे बहात्तर साल सरून त्र्याहत्तर लागलं होतं. सुप्यापासून आत जाणाऱ्या एका रस्त्यावर दुष्काळी काम चाललं होतं आणि मी तिथे हजेरी घेणारा कारकून होतो. वय बावीस, घर नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरला, वडील शाळामास्तर. साहेब म्हणवून घ्यायची सवय नव्हती, पण लागायला चार दिवस पुरले.

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, की ज्याच्या समाधानाचा आपल्याला राग येतो. मावशी साठीच्या, एकट्या. नवरा गेलेला, दोन लेकरं लहानपणीच मातीआड झालेली. लहानपणी मिशनच्या शाळेत लिहायला-वाचायला शिकलेल्या, म्हणून सगळे त्यांना 'मिशनातल्या मावशी' म्हणत. सकाळी कामाला लागण्याआधी त्या दगडांच्या राशीआड उभ्या राहून प्रार्थना करायच्या. ती लांबली की मी मनगटावरचं घड्याळ दाखवायचो.

एकदा मी चिडून विचारलं, एवढे आभार तरी कशाचे मानता? विहिरी आटल्या, माणसं सरकारी सुकडीवर दिवस काढतायत.

"सुकडीचं लवकर आटपतं," त्या म्हणाल्या. "प्रार्थनेत तुमचं नाव आलं की येळ लागतो."

आसपासच्या बाया फिदीफिदी हसल्या. मीही हसलो, पण दिवसभर ते डोक्यातून जाईना.

त्यांचं वय बघून मी त्यांना पाणी पाजायच्या कामावर घातलं. टँकरचं पाणी पिंपात साठवलेलं असे, ते घागरीतून टोळ्या-टोळ्यांना नेऊन द्यायचं. मी स्वतः त्यांच्या हातचं पाणी घटाघटा प्यायचो आणि चारचौघांत प्यायचो. मास्तरांचा मुलगा किती पुढारलेला, हे लोकांनी बघावं असं मला वाटायचं. आज लिहितानाही लाज वाटते.

तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं, की एक अख्खी टोळी पाणी पीत नाही. चैत्रातलं ऊन, आणि वीस बाया सुकल्या तोंडाने खडी फोडतायत. चौथ्या दिवशी त्यांच्यातली वडीलधारी बाई माझ्याकडे आली. मोठ्या शेतकऱ्याच्या घरची. उभ्या आयुष्यात कुणाकडे मजुरीला गेली नव्हती. भांडायला आली असती तर मीही भांडलो असतो. पण ती हळू आवाजात म्हणाली, "बागाइत गेली, बैलं गेली, डोईवर पाटी आली. आता येवढं तरी राहू द्या, साहेब."

मावशी ख्रिस्ती, पण त्यांच्या आजोबांची जात गावाच्या पक्की लक्षात होती. मी सरळ सांगू शकलो असतो, की प्यायचं तर प्या, नाहीतर राहा. कायदा माझ्या बाजूने होता. पण आठ दिवसांत वरचे साहेब पाहणीला यायचे होते, माझी नोकरी हंगामी होती, आणि एवढी हिंमत माझ्यात नव्हती.

मी सोपी वाट काढली. मावशींना म्हणालो, "घागर जड होते तुम्हाला. उद्यापासून खडीवर बसा. बसून काम आहे."

त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांना ते कळलंय हे मलाही कळलं होतं. "आनंद हाय, साहेब," म्हणाल्या. हात मात्र पदराखालीच राहिले.

नवव्या दिवशी दगडाची कपची उडून त्यांच्या डाव्या डोळ्यात गेली. ट्रकमधून नगरला दवाखान्यात नेलं, पण डोळा गेला तो गेलाच. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. हाताला काम नसायचं तेव्हासुद्धा गेलो नाही. त्या घरी परतल्याचं कळलं, तरी पाऊल उचलेना.

पुढे पाऊस झाला, काम बंद पडलं. बेलापूरला परतायच्या आधी मनाचा हिय्या केला आणि एका रविवारी त्यांच्या गावी गेलो. माफी मागायची, एवढंच ठरवलं होतं. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, त्या मंदिरात उपासनेला गेल्यात. तिकडचे ख्रिस्ती लोक चर्चला मंदिरच म्हणतात; कौलारू, लहानसं. मी मागे, त्यांच्या डाव्या अंगाला, खांबाआड बसलो. त्या बाजूने त्यांना दिसणार नाही, हे मी हिशेबानेच केलं.

पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, साक्ष कोण देणार असं विचारलं. देवाने आपल्याला कसं चालवलं ते तिथे माणसं उभी राहून सांगतात. मावशी उठल्या.

"डोळा गेल्यावर मी दोन महिनं देवाशी बोलले न्हाई," त्या म्हणाल्या. "कुनी इचारलं तर आनंद हाय म्हनायची, पर ते निसतं तोंडदेखलं. आत नुसता जाळ हुता. एका पोराचा लई राग आला हुता मला. पुढं त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायला बसले की दात आवळायचे. तरी रोज बसले. मग एक दिस कळलं, त्यो भ्याला हुता. मीबी जल्मभर भ्यालेच की कुना-कुनाला. त्या दिवशी रडले, आन् मग जे हलकं वाटलं, तसं दोन डोळं हुतं तवाबी कदी वाटलं न्हवतं. आता आनंद हाय म्हनते, ते खरं म्हनते. त्यो पोरगा कुटं आसंल तितं त्याच्यासाटी समद्यांनी प्रार्थना करा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. चाळीस-पन्नास माणसं माझ्यासाठी डोळे मिटून बसली होती आणि मी खांबाआड होतो. दोन पावलं पुढे जायचं होतं, बस्स. आमेन व्हायच्या आत चपला हातात घेऊन मी बाहेर पडलो आणि थेट फाट्यापर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

दोन वर्षांनी मावशी वारल्याचं त्या गावच्या एका माणसाकडून कळलं. माफी त्यांनी कधीच देऊन टाकली होती. मागायची तेवढी माझ्याकडून राहिली.